तीन पट्ट्या आणि थोडंसं

पट्टीबाईंनी नव्या पुस्तकाची अनुक्रमणिका वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. दुसरा धडा मोजमाप, तिसरा अपूर्णांक. अगदी त्या म्हणत होत्या तसंच.

"एकदाचं गंगेत घोडं न्हालं," हेडसर म्हणाले, आणि शिक्षकांच्या खोलीतले सगळे हसले. हसण्यात माया होती.

तिसरीच्या गणितात अपूर्णांक आधी आणि मोजमाप नंतर, हे बाईंना एकोणीस वर्षं खुपत होतं. दरवर्षी अभ्यासक्रम मंडळाकडून अभिप्रायाचा फॉर्म यायचा. बाकीचे शिक्षक त्यावर 'ठीक' लिहून मोकळे व्हायचे. बाई मागची बाजूही भरायच्या. 'मुलांना आधी कागदाच्या पट्टीने बाक मोजू द्या. अर्ध्याची गरज पडली की मुलं अर्धा आपणहून शोधतात. माझ्या वर्गात दरवर्षी शोधतात.' उत्तर एकदाही आलं नाही. शिपाईमामा म्हणायचे, बाई, तुमचे फॉर्म तिकडे उंदीर वाचतात. बाई म्हणायच्या, वाचू देत, त्यांचं तरी गणित सुधारेल. पट्टीबाई हे नाव त्यातूनच पडलं होतं.

आता निवृत्तीला महिनाही उरला नव्हता, आणि धडा जागेवर आला होता. बाईंनी पुस्तक घरी नेलं आणि नवऱ्याला अनुक्रमणिका दोनदा वाचून दाखवली. त्याने ती दोन्ही वेळा मन लावून ऐकली. माणूस भला होता.

दोन-अडीच आठवडे असे सुखात गेले. मग एका मधल्या सुट्टीत ब तुकडीच्या धाकट्या बाई शिक्षकांच्या खोलीच्या दारापर्यंत आल्या, मागे फिरल्या, परत आल्या. नोकरीचं त्यांचं दुसरंच वर्ष होतं.

"बाई, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"रागावण्यासारखं असेल तर रागावेन. बोल."

"मोजमापाचा धडा इथे बसत नाहीये. माझी मुलं चार दिवस अडून बसलीत."

बाईंच्या जिव्हारी लागलं. 'तुला शिकवता येत नसेल' हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. कालची पोर, आणि एकोणीस वर्षांच्या खटपटीवर बोट ठेवते. बाईंनी ते वाक्य उरलेल्या चहाबरोबर गिळलं आणि उठल्या.

"चल, दाखव."

सुट्टी संपली होती. ब तुकडीत दोन वेण्यांची एक मुलगी बाक मोजत होती. "तीन पट्ट्या आणि थोडंसं," ती म्हणाली.

"थोडंसं म्हणजे किती?"

"थोडंसं म्हणजे थोडंसंच, बाई."

"माझं थोडंसं हिच्यापेक्षा मोठं आहे," शेजारची म्हणाली, आणि तिथून भांडण जुंपलं.

बाई वाट पाहत उभ्या राहिल्या. त्यांच्या वर्गात एव्हाना निम्म्या मुलांनी पट्टी दुमडली असती. इथे कोणाचाही हात तिकडे वळेना. शेवटी बाईंनी मुलीच्या हातातली पट्टी घेतली आणि बरोबर मधोमध दुमडली. मुलगी डोळे मोठे करून बघत राहिली.

"दुमडलेली चालते?" तिने विचारलं.

पुढच्या पाच मिनिटांत वर्गभर साडेतीन आणि सव्वातीनचा गलका झाला. धाकट्या बाई बघतच राहिल्या. "तुमच्या मुलांना हे दुमडायचं कोण सांगतं?"

"कोण कशाला सांगेल? ती आपोआप..." आणि बाई थांबल्या.

बाकांवरच्या पुस्तकांना दुकानातून आणलेली तयार चकचकीत कव्हरं होती. बाईंच्या वर्गात असली कव्हरं चालत नसत. वर्षाच्या पहिल्या आठवड्यात त्या सगळ्या पोरांना जमिनीवर बसवत, प्रत्येकापुढे खाकी कागद ठेवत. अर्धा कर. आता परत अर्धा. काप. तयार कव्हरं निसटतात, एवढंच त्यांचं कारण होतं. त्याला शिकवणं म्हणतात हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. एकोणीस फॉर्म, पुढून-मागून भरलेले, आणि त्यांत कव्हराचा एक शब्द नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"चूक माझी आहे," बाई हळूच म्हणाल्या. "त्यांनी माझं ऐकलं, पण मीच सगळं सांगितलं नव्हतं."

धाकट्या बाईंना वाईट वाटलं. "जाऊ दे ना, बाई. तुम्ही आता निवृत्त होणार, या वेळी तुमच्या धड्याला नावं कशाला ठेवायची? कव्हरं मी पुढच्या वर्षी वर्गात घालून घेईन. फॉर्मवर आपली 'ठीक' लिहिते."

"खबरदार," बाई म्हणाल्या. "तुझ्या वर्गातली मुलं सुटतील. बाकीच्या शाळांतली?"

त्यांनी कपाटातून कोरा फॉर्म आणला आणि तिथेच मुलांच्या बाकावर बसून, गुडघे पोटाशी घेऊन, लिहायला लागल्या. 'पहिला धडा: पुस्तकाला कव्हर घालणे. कव्हर घरून घालून आणू नये.' मागची बाजूही भरली. मग फॉर्म आणि पेन दोन्ही धाकट्या बाईंपुढे सरकवलं.

"मी कशाला सही करू? हे तर तुमचं आहे."

"सही तूच कर," बाई म्हणाल्या. "याला एकोणीस वर्षं लागतात, आणि माझ्याकडे नऊ दिवस आहेत."