मेडिकल मिळाली

"हमरापूरच्या इतिहासात आजवर कुणाच्या पोरीनं हे केलेलं नाय!" गोविंदाने गणपतीच्या कारखान्यात जमलेल्या गावाला जाहीर केलं. एवढ्यात तो ज्या रंगाच्या डब्यावर उभा होता, तो कलंडला. इतिहास पितांबरी पिवळा झाला.

गोविंदा आधी कंपनीत ठेक्यावर होता. आता गणपती रंगवायचा. त्याची मुलगी अपेक्षा मुंबईला युनिव्हर्सिटीत शिकत होती. सकाळी तिचा फोन आला होता. "बाबा, मला मेडिकल मिळाली," एवढंच बोलून तिने तो ठेवून दिला होता. पुढचं तोंडातून फुटलं नव्हतं.

पुढचं असं होतं: तिची झोप उडाली होती, परीक्षेत हातात पेन धरवत नव्हतं, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिला सहा महिन्यांची मेडिकल लीव्ह मिळाली होती. गावाला जायला पेणला उतरायचा धीर झाला नाही, म्हणून ती थेट रोह्याला जनीआत्याकडे गेली.

जनीने कळवल्यावर संध्याकाळी तिथे आईचा, अनिताचा फोन. "उद्या ये गो. सत्कार ठेवलाय, बँजो पण सांगितलाय. आज पोटभर झोप."

"आत्या," अपेक्षा रडवेली झाली, "बाबांना वाटतंय मी डॉक्टर होणार. खरं कळलं तर छाती फुटेल त्यांची."

"फुटत नाय. फुगलेय नुसती," जनी म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन एसटीत बसली.

वडखळच्या नाक्यावर बॅनर लागला होता. पुढ्यात ट्रक आडवा. खिडकीतून अपेक्षाला स्वतःचा दहावीचा फोटो, 'मेडिकल' आणि 'हार्दिक अभिनंदन' एवढंच दिसलं. तिने ओढणी नाकापर्यंत ओढली.

हमरापुरात बायांनी ओवाळलं. "नशीब काढलंस गो! आमच्या पोरांना जन्मात मिळायची नाय," शेजारची चंद्रावती म्हणाली. तिचा रितेश शिफ्टवरून हेल्मेटसकट आला होता. त्याने हार घातला. गोविंदाने नवा सदरा घातला होता, पण कानामागे पिवळा रंग तसाच होता. तो बघून अपेक्षाला राहवेना. तिने माईक ओढून घेतला.

"मी डॉक्टर होणार नाहीये! मला कॉलेज नाही मिळालं, रजा मिळालीय. मी आजारी आहे. बाबा, माफ करा."

बँजो थांबला.

"डॉक्टर?" गोविंदा गोंधळला. "कोण बोललं डॉक्टर?"

त्याने खांदे धरून तिला मागे वळवलं. इथल्या बॅनरपुढे ट्रक नव्हता. 'कु. अपेक्षा हिला मेडिकल रजा मंजूर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.'

"अगो, मी मलेरियात पडलो तर ठेकेदारानं नाव कापलं. तू आजारी पडलीस, आन तुझं नाव जागच्या जागी हाय! आख्ख्या गावात पहिली मेडिकल तुझी!" माईक आता त्याने घेतला होता. "बरी हो निवांत. कोण काय बोलतो बघतोच मी."

टाळ्या वाजल्या. गर्दीतून रितेश हळूच पुढे सरकला.

"ताई, त्या आजाराचं इंग्रजी नाव तेवढं लिवून दे. परवा मेव्हण्याची हळद हाय."