तिसरी खिट्टी

फेटा कपाळावर ओढून जादूगार प्रतिस्पर्ध्याच्या तंबूत बसला होता. समोर हुबेहूब त्याच्याच पेटीसारखी पेटी उभी होती. बाई गायब करणारी, दोन वर्षं खपून त्याने शोधलेली. रखमाजी सुताराने आराखडा विकला म्हणून गेल्याच आठवड्यात त्याने म्हाताऱ्याला हाकलून दिलं होतं.

पेटी तपासायला प्रेक्षकांना बोलावलं, तेव्हा तोही वर गेला. आतल्या चोरफळीच्या कडेवरून त्याने हळूच बोट फिरवलं. खिट्ट्या दोनच होत्या.

त्याच्या आराखड्यात तीन होत्या. तिसरी बिनकामाची, नक्कल करणारा सापडावा म्हणून मुद्दाम घातलेली. रखमाजीने ती इमानदारीने बसवली असती. तिचा उपयोग नाही, हे फक्त रोज आतून फळी उघडणाऱ्या माणसालाच कळणार.

दुसऱ्या दिवशी खेळाआधी पेटीत शिरायला बायकोने नेहमीसारखा पदर खोचला.

"रखमाजीच चोर निघाला ना हो?"

"हो," तो म्हणाला. "चल, शीर आत."

शेकडो खेळांत पहिल्यांदाच तिने आधी हात आत घातला आणि चोरफळी उघडते का ते पाहिलं.