पहिला करकोचा

एक मार्चला वर्गातल्या सगळ्यांची मनगटं मार्तेनित्सांनी, म्हणजे वसंताच्या स्वागताला एकमेकांना बांधायच्या लाल-पांढऱ्या लोकरीच्या धाग्यांनी, भरून जातात. मैत्रिणी माझे धागे मात्र दरवर्षी दप्तराला बांधतात. मला इसब आहे ना! लोकर लागली की खाज, खाजवलं की रक्त, आणि वर "आम्हाला लागण तर होणार नाही ना गं?" हे आहेच.

यंदा वर्गातल्या वेलिन नावाच्या मुलाने काहीही न विचारता माझा हात हातात घेतला आणि सरळ मनगटावरच गाठ मारली.

मग काय! झोपेत खाजवायचं, गणिताच्या तासाला मनगट बाकावर घासायचं. आई रोज कात्री घेऊन मागे.

"राली, कापून टाक तो एकदाचा!"

"करकोचा दिसल्याशिवाय काढायचा नसतो, तूच सांगतेस ना?"

तीन आठवडे बिचारी माझ्यासाठी आभाळाकडे डोळे लावून बसली होती. आज सकाळी समोरच्या विजेच्या खांबावर करकोचा येऊन बसला, चांगला हा एवढा मोठा! आई आनंदाने ओरडलीच, "आला गं बाई! काढ आता तो धागा, सुटलीस!"

मी बाही मनगटावर ओढून घेतली.

"कुठंय? मला तर काहीच दिसत नाही."