‘टेक’च्या चिठ्ठ्या

इंग्रजी-मराठी कोशाच्या संपादकांचा नियम कडक होता. शब्दाच्या दर अर्थाला एक मराठी वाक्य द्यायचं, तेही कानांनी ऐकलेलं. मनानं रचलेलं चालणार नाही, आणि खाली कोण बोललं तेही लिहायचं. कोशाच्या कचेरीतल्या बाईंच्या वाट्याला इंग्रजी ‘टेक’ हा शब्द आला. कचेरी आणि घर सोडून त्या जात होत्या कुठे? त्यांनी घरातलंच चिठ्ठ्यांवर टिपलं.

संपादक चिठ्ठ्या चाळू लागले. ‘माझ्या सकाळच्या गोळ्या घेतल्या का गं मी?’ सासूबाई. ‘मला क्लासला कोण नेणार?’ मुलगी. ‘एका शर्टाच्या इस्त्रीला किती वेळ लागतो तुला?’ नवरा. ‘लगेच मनाला लावून घेऊ नकोस.’ पुन्हा नवरा.

त्रेपन्न चिठ्ठ्या संपल्या, तशी त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“बाई, ‘टेक रेस्ट’ कुठाय? विश्रांती घेणे. शाळकरी पोरालाही येतो हा अर्थ. तोच कसा सुटला?”

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले.

“सुटला नाही, सर. वर्षभर कान देऊन आहे. घरात कुणी म्हटलं की त्याच दिवशी चिठ्ठी आणून देते.”