रखमाजीचा दोर

दोराचा फास घोट्यांत अडकला आणि मारुती अंगणात तोंडावर आपटला. रखमाजी नालबंद त्याच्या पाठीवर बसला. सोपानआबांनी आपल्याच पोराचे पाय धरून आवळले. नाल मारायला बैल पाडतात, तसाच पाडला. एकुलत्या एका लेकाला असं बांधायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

मारुती दिवसभर पवनेच्या धरणावर माती वाहायचा आणि तरी रोज पहाटे बेडशाच्या लेण्यांपर्यंत पळत जायचा. ना शर्यत, ना बक्षीस. गावानं आधी कौतुक केलं, मग थट्टा. लोक धरणावर हाडं मोडून घेतात, हा फुकट पळून मोडतो, म्हणायचे. शेवटी खरंच नडगीचं हाड चिरलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधून बजावलं, "पुन्यांदा पळलास तर जल्माचा लंगडा व्हशील."

दुसऱ्याच पहाटे मारुतीनं कोयत्यानं कामट्या कापल्या. बाप आडवा आला, तेव्हा तोच कोयता बापावर उगारला. म्हणून रखमाजीला बोलावणं गेलं होतं.

मारुतीनं शिव्या दिल्या. दोर चावला. तोंडाशी आलेल्या रखमाजीच्या मनगटाचा लचका तोडला.

"लाथा झाडू द्या," रक्त पुसत रखमाजी म्हणाला. "जनावर घटकाभर झाडतं, मग निमूट व्हतं."

तसंच झालं. दुपारी पुरुष जेवायला आत गेले, तेव्हा मारुती गप पडला होता.

"आये, सोड. दोर लय काचतोय. न्हाई जायचो मी."

आईचं काळीज ते, कस्तुराबाईनं गाठ सोडली.

चांगल्या पायाची लाथ तिच्या तोंडावर बसली. ती मागं जोत्यावर आदळली. मारुती फरफटत, लंगडत, पळत कवाडापर्यंत गेला आणि त्यानं एकदा मागं बघितलं. आईच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. ती ओरडली नाही. पदर तोंडाला लावून म्हणाली, "हळू पळ रं बाबा. पाय जप."

सोपानआबा खरकट्या हातानं बाहेर धावले. मारुती माघारी येऊन दोराशेजारी आडवा पडला होता. पाय अजून झटके देत होते, कवाडाकडेच ओढत होते. त्यानं दोराचं टोक बापाच्या हातात दिलं.

"आवळून बांधा, आबा. आन् मी रडाय लागलो, की आयेला जवळ येऊ देऊ नका."