नात्यातलं माणूस नको

शेवटच्या वर्षाच्या गटप्रकल्पात सरांचा नियम होता: ॲप तपासायला नात्यातलं माणूस चालणार नाही. ऐनवेळी कुणी मिळेना, म्हणून गटातल्या एका मुलीनं आईलाच आणलं आणि गटाला सांगितलं, "ओळखीच्या काकू आहेत." आई मोबाइल लांब धरून बटण शोधत राहिली. मदत करायची नाही, फक्त चुका टिपायच्या, असं ठरलेलं. "काकू, समोरच तर आहे!" म्हणत सगळे हसले, लेकही हसली. सवयीनं आईचा हात लेकीच्या पिशवीकडे गेला. आईचा चष्मा तिथंच होता. हात अर्ध्यावर थांबला. "चष्मा घरी विसरले बाई," आई ओशाळून म्हणाली, "तुमच्या ॲपचा दोष नाही." लेकीला वर बघवेना. तिनं लिहिलं: अक्षरं बारीक. सरांनी कागद पाहिला. "शाब्बास, नेमकं हेरलंस!" आईचा चेहरा फुलला. तो कुणाला दिसू नये म्हणून घाईनं उठत ती लेकीला म्हणाली, "येते, मॅडम."