बायकांचा तास

आमच्या सुनेचा, हेमांगीचा, घरात पाय ठरत नाही. दुपारची भांडी विसळली की निघाली गावच्या वाचनालयात. बायकांना पुस्तक वाचून दाखवायचं खूळ तिनंच काढलंय. आज तिला हाताला धरून घरी आणायचं ठरवूनच गेले.

तिथे बायका सतरंजीवर भाजी निवडत बसल्या होत्या आणि ही मोठ्यानं वाचत होती. कादंबरीतली बाई अंधारात विहिरीपाशी एकटीच उभी होती आणि मागून कुणीतरी येत होतं. मी दारातच थबकले.

मला बघून हेमांगीनं पुस्तक मिटलं. चेहरा एवढासा झाला. "आई, रागावू नका. हा तास आजपासून बंद करते. चला घरी."

मी सतरंजीवर बसकण मारली.

"त्या बिचारीला तशीच सोडून घरी निघालीस? काळजाच्या जागी दगड आहे तुझ्या. बस खाली आणि वाच."